बिनड्रायव्हरच्या गाडीचा ड्रायव्हर

सव्वीस वर्षं मी गाडी चालवण्याची नोकरी केली आणि शेवटची दोन वर्षं न चालवण्याची. दुसरी नोकरी पहिलीपेक्षा कितीतरी अवघड निघाली असं सांगितलं, की टेमघरच्या नाक्यावरचे माझे जुने सोबती हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी कुणीच त्या सीटवर बसलेलं नाही.

कामातले अनुभव लिहा म्हटल्यावर आधी कंटेनरचा ट्रक चालवायचो त्या दिवसांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तिथे गमती पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचा शेवट चहावर होतो. पण कागद पुढे घेतला की मन त्या पांढऱ्या मोटारीपाशीच येऊन थांबतं. तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

आमच्या भिवंडीत गोदामांची काही कमी नाही. त्यातल्याच एका शेडमध्ये एक कंपनी आली. माल भरायचा नव्हता त्यांना, त्यांना आपोआप चालणारी मोटार तयार करायची होती. मोटार बाजारातलीच होती, तिला चालवणारा प्रोग्रॅम ही मुलं लिहीत होती. चाचणीसाठी त्यांना एक अनुभवी ड्रायव्हर हवा होता. मुलाखत कंपनीचे प्रमुख कौस्तुभ सर यांनी घेतली. वय पस्तिशीच्या आत, बोलताना सारखे उठून उभे राहणार.

‘आजवर अपघात किती?’

‘एकही नाही.’

‘एकही नाही?’

‘आरसे घासलेत सर. माणूस नाही.’

ते खूश झाले. मग मी विचारलं, एवढी जागा सोडून भिवंडीच कशाला? ते म्हणाले, ‘दादा, जी गाडी कामतघरच्या गल्लीतून सुखरूप निघेल, ती जगात कुठेही चालेल.’ आमच्या रस्त्यांबद्दल कुणी बरं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. घरी जाऊन संगीताला, माझ्या बायकोला, मोठ्या अभिमानाने सांगितलं.

आता काम काय होतं ते सांगतो. मोटारीच्या टपावर कॅमेरे, आणि मध्ये एक गरगर फिरणारा डबा. तो डबा सगळीकडे किरण सोडतो आणि ते कशावर आपटून परत आले यावरून कोणती वस्तू किती लांब आहे ते मोजतो. डिकीत संगणक. तो हे सगळं बघून ठरवणार, वळायचं, थांबायचं की पुढे जायचं. माझ्या शेजारी मृणाल मॅडम बसायच्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकीच एक, नाशिकच्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर समोरचा रस्ता दिसायचा आणि प्रत्येक वस्तूभोवती रंगीत चौकट पडायची. माणसाला पिवळी, रिक्षाला हिरवी, ट्रकला निळी. चौकट पडली म्हणजे गाडीने ओळखलं. चौकट नसेल तर गाडीच्या लेखी ती वस्तू जगातच नाही.

आणि मी? मी ड्रायव्हरच्या सीटवर. हात स्टिअरिंगपासून दोन बोटं लांब, पाय ब्रेकच्या वर अधांतरी. गाडी चुकतेय असं दिसलं की हात घालायचा किंवा ब्रेक दाबायचा. मी नुसता स्पर्श केला तरी गाडी कारभार माझ्याकडे सोपवून मोकळी व्हायची आणि संगणकात नोंद पडायची, अमुक क्षणी गाडी माणसाच्या ताब्यात गेली. दिवसभर असं बसून पोटऱ्यांत गोळे यायचे. संध्याकाळी संगीता तेल लावून पाय चोळायची.

‘आज काय केलंत?’

‘काही नाही.’

‘मग काही न करता एवढं दुखतंय कसं?’



पहिले सहा महिने मात्र सुखाचे होते, हे कबूल करायला हवं. मी हात घातला की मृणाल मॅडम लगेच विचारायच्या, ‘काका, का?’

‘तो माणूस रस्त्यात येणार होता.’

‘तो तर उभा होता.’

‘उभा होता, पण चहाचा ग्लास खाली ठेवला ना त्याने.’

त्या हे लिहून घ्यायच्या. शेळी दिसली तर मी शेळीकडे बघत नाही, तिच्या दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते बघतो. बुरख्यातली बाई थांबली तर तिच्या मागे मूल असणार असं धरून चालतो. हे मी कुठे शिकलो ते मलाच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं माझ्या हातापायांत मुरलेलं कुणीतरी मान देऊन बाहेर काढत होतं, आणि मलाही ते पहिल्यांदाच दिसत होतं. एकदा मी म्हणालो, रिक्षा वळायच्या आधी तिचं पुढचं चाक वळतं, मी फक्त चाक बघतो. त्यांनी तीन आठवडे खपून गाडीला ते चाक बघायला शिकवलं. मग एके दिवशी कल्याण नाक्याकडच्या वळणावर एक रिक्षा काही इशारा न देता आडवी आली, आणि माझा पाय खाली जायच्या आत गाडीने स्वतःच ब्रेक मारला. मृणाल मॅडम ओरडल्या, ‘काका, हे तुम्ही होतात!’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला मूल नाही. त्या दिवशी काहीतरी मागे राहील असं वाटलं.

मग कामतघरचे दिवस सुरू झाले.

तिथल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. दारं-खिडक्या उघड्या, आणि आतून कापूस उडत बाहेर येतो. उन्हाच्या तिरिपीत तो तरंगत असला की आपल्याला नुसती धूळ दिसते. गाडीला भिंत दिसायची. भर गल्लीत ती गचकन थांबायची, मागे टेम्पोंचे भोंगे, पुढे काहीच नाही. कुणी गॅलरीत वाळत घातलेली साडी हलली, थांब. रिकामं पोतं उडालं, थांब. एका सकाळी ती नऊ वेळा थांबली, तेव्हा लूमचे कामगार दारात येऊन टाळ्या वाजवू लागले.

त्यांच्यातच नसीमभाई होते. बिहारकडचे, पन्नाशी ओलांडलेले. लूमवर विणलेलं कोरं कापड हातगाडीवर लादून कारखान्यातून टेम्पोपर्यंत नेणं हे त्यांचं काम. कापडाच्या एकेका गुंडाळीला ताका म्हणतात, असे पन्नास-साठ ताके ते एका वेळी ढकलत. आमची गाडी थांबली की बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, ‘सलाम सुभाषभाई! आज कौन चला रहा है, आप या ये?’

मी म्हणायचो, ‘आज दोनों में से कोई नहीं।’

कापसावर तोडगा मृणाल मॅडमनीच काढला. हलकं, पांढरं, सतत आकार बदलणारं काही दिसलं तर गाडीने त्याला अडथळा समजायचं नाही, असं त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातलं. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं. ‘आणखी दोन महिने चित्रं गोळा केली तर नीट करता येईल,’ त्या म्हणाल्या. दोन महिने नव्हते. पैसे लावणारी मंडळी बघायला येणार होती. शेडमधल्या भिंतीवर एक पडदा लावला होता, त्यावर रोजचा आकडा दिसायचा, सुभाषने आज किती वेळा हात घातला. माझा प्रत्येक हात म्हणजे गाडीचं एक अपयश.

कौस्तुभ सरांनी मला बाजूला घेतलं. ‘दादा, तुम्ही फार लवकर हात घालता. गाडी सावरणार असते, त्याआधीच तुम्ही. तिला संधी द्या. मनात एक-दोन म्हणा, आणि मग.’

‘दोन सेकंद म्हणजे पुष्कळ असतात सर.’

‘वेग वीसचा असतो आपला. मला माहीतेय मी काय सांगतोय ते.’

त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचा धाकटा भाऊ महामार्गावर ट्रकखाली गेला होता. ट्रकवाल्याला झोप लागली होती. झोप न लागणारा ड्रायव्हर बनवायचा म्हणून हा माणूस चांगली नोकरी सोडून आमच्या धुळीत येऊन राहिला होता. मी तर ट्रकवाल्यांच्याच जातीचा. मी काय बोलणार?

मी मनात मोजायला लागलो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा सर बरोबर ठरले. मी एक म्हणेपर्यंत गाडी स्वतःच हळू व्हायची. पडद्यावरचा आकडा उतरू लागला, सगळे माझ्या पाठीवर थाप मारू लागले. मलाही बरं वाटलं. पाय ब्रेकवरून सरकून खाली टेकू लागला, हात मांडीवर येऊ लागले. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. ती ढिलाई माझी. चालवणारा माणूस जागा राहतो, नुसत्या बघणाऱ्याचं लक्ष कधी उडतं ते त्यालाही कळत नाही.

तो दिवस मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. कामतघरच्या एका गल्लीत उजवीकडच्या बोळातून काहीतरी पांढरं बाहेर येताना दिसलं. ताक्यांचा ढीग, त्यावर धूळ बसू नये म्हणून टाकलेली पांढरी चादर, आणि ती वाऱ्यावर फडफडत होती. ढकलणारा माणूस ढिगामागे, त्यामुळे दिसत नव्हता. पण हातगाडी चालतेय म्हणजे मागे माणूस आहे, हे कळायला मला सव्वीस वर्षांची गरज नव्हती. मी मृणाल मॅडमच्या लॅपटॉपकडे डोळा टाकला. चौकट पडली, गेली, पुन्हा पडली, पुन्हा गेली.

मी मनात म्हटलं, एक.

दोन म्हणायच्या आत माझा पाय खाली गेला. तो जमिनीवरून उचलून न्यावा लागला. ब्रेक लागले, पण गाडीचा कोपरा हातगाडीला बसलाच. वेग फार नव्हता. मोटारीची काचसुद्धा फुटली नाही. पण ती एवढी भरलेली हातगाडी जागच्या जागी फिरली आणि तिचं लोखंडी चाक मागच्या माणसाच्या पावलावर चढलं. ताके गटारात घरंगळले. चादर बाजूला झाली तेव्हा मला नसीमभाई दिसले.

ते ओरडत नव्हते. पायाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

लूम बंद पडत गेले. त्या गल्लीतली शांतता मी आयुष्यात त्या एकदाच ऐकली. माणसं धावत आली, सात-आठ जणांनी हातगाडी उचलली. मग कुणीतरी विचारलं, ‘चला कौन रहा था?’

सगळे आमच्याकडे बघायला लागले. मृणाल मॅडम लॅपटॉप छातीशी धरून उभ्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. टपावरचा डबा अजून गरगर फिरत होता.

‘बोलो, कौन चला रहा था?’

मी म्हणालो, ‘मैं।’

एकाने माझ्या कानाखाली वाजवली. मला ती बरोबर वाटली. नसीमभाईंना आम्ही त्याच मोटारीतून दवाखान्यात नेलं. या खेपेला मीच चालवत होतो, संगणक बंद करून. 

घोट्याखालच्या हाडांचा चुरा झाला होता. दोन ऑपरेशनं झाली. पाऊल राहिलं, पण त्यावर भार देता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. हातगाडी ढकलणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खर्च कंपनीने केला. कौस्तुभ सर दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी मी आत गेलो तर नसीमभाईंनीच माझा हात हातात घेतला.

‘रोज़ हाथ हिलाते थे आप। दिखा नहीं होगा। हो जाता है, सुभाषभाई।’

मी मान हलवली. ती मान कोणत्या बाजूला हलली ते आज मला आठवत नाही, पण त्यांनी तिचा अर्थ हो असाच घेतला.

पोलिसांत केस झाली. कायद्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला माणूस ठाऊक आहे, डिकीतला संगणक नाही, त्यामुळे नाव माझंच लागलं. त्यात गैर काही नाही. पण पुढच्या आठवड्यात शेडमध्ये अहवाल तयार झाला आणि मृणाल मॅडमनी तो मला आधी दाखवला. संगणकातल्या नोंदीप्रमाणे मी ब्रेकला पाय लावला तो क्षण आणि धडकेचा क्षण यांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. पण पाय आधी लागला होता.

‘म्हणजे काय?’ मी विचारलं.

‘म्हणजे धडक बसली तेव्हा गाडी तुमच्या ताब्यात होती, काका. नोंदीत गाडीची चूक कुठेच नाही.’

 मी पाय लावलाच नसता तर ती गाडीची चूक ठरली असती. माझ्या हातून घडलेली एकमेव योग्य गोष्ट माझ्याच नावावर चढली होती.

‘प्रोग्रॅममधली ती पांढऱ्याची ओळ मी लिहिली होती,’ मृणाल मॅडम म्हणाल्या. ‘ती अहवालात नाहीये. मी घाला म्हणाले. सर म्हणाले, घातली तर काम बंद पडेल, आणि काम बंद पडलं तर जे जीव वाचणार आहेत ते...’ 

अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘चालकाने प्रतिसाद देण्यास विलंब केला.’ खाली माझ्या सहीची जागा. नाक्यावरचे लोक मला अजून विचारतात, तू सही केलीसच कशी? दबाव होता का? नव्हता. मी सही केली, कारण ते वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं, पण खोटं नव्हतं. उरलेलं अर्धं कुठे लिहायचं त्याची जागा त्या कागदावर नव्हती.

मृणाल मॅडम महिन्याभरात नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरकलो.

कंपनीने रस्त्यावरची चाचणी थांबवून एका बंद आवारात सुरू केली. केस संपेपर्यंत मला गाडीत बसवत नव्हते, पण एक दिवस कौस्तुभ सरांनी मुद्दाम बोलावून घेतलं. आवारात एक हातगाडी आणली होती, तिच्यावर ताके, वर पांढरी चादर, आणि चादर हलावी म्हणून बाजूला पंखा. मागे माणसाच्या उंचीचा पुतळा. मोटार आली आणि हातगाडीपासून दहा पावलांवर अलगद थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. वीस वेळा करून दाखवलं, वीसही वेळा थांबली. नवी मुलं टाळ्या वाजवत होती.

‘आपल्याकडे त्या दिवसाचं सगळं चित्रण होतं ना,’ सर हळू आवाजात म्हणाले. ‘त्यावरूनच ती शिकली. आता असं कधीच होणार नाही, दादा.’

गाडी खरंच सुधारली होती. मी ते नाकारू शकत नव्हतो, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. रिक्षाचं चाक बघायला तिला मी शिकवलं होतं. हातगाडी ओळखायला नसीमभाईंनी. त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याच दिवशी राजीनामा दिला. सरांनी अडवलं नाही. पुढे थोड्याच दिवसांत कंपनी दुसऱ्या शहरात गेली. शेडमध्ये आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आहे.

नसीमभाई गावी कायमचे परत चालल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. कामतघरला एका लूमच्या वर त्यांची खोली होती, पाच जणांत एक. बाकीचे शिफ्टवर गेले होते. ते एकटेच भिंतीला टेकून बसले होते, शेजारी बांधलेलं बोचकं आणि कुबडी. खालच्या लूमनी फरशी थरथरत होती.

मला वाटलं, हा माणूस जायच्या आधी त्याला खरं कळायला हवं. ते माझ्यासाठी हवं होतं की त्यांच्यासाठी, हा विचार मी तेव्हा केला नाही. मी सगळं सांगितलं. पांढऱ्याची ओळ, भिंतीवरचा आकडा, मनात मोजायचे ते दोन सेकंद. अहवालसुद्धा. गाडी कुणाच्या ताब्यात होती आणि कागदावर कुणाच्या, ते सांगताना माझा आवाज चढला. माझ्यावरही अन्याय झालाय, असं मी त्यांना सांगत होतो बहुतेक.

 माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘तो आपने मुझे देखा था?’

‘ठेला देखा था। आप पीछे होंगे, ये समझ गया था।’

‘पहले से?’

‘हां।’

‘और गिनती कर रहे थे।’



त्यांनी दोन्ही हातांनी दुखरं पाऊल उचलून जवळ ओढून घेतलं. ‘मैं तो सबको बोलता रहा, सुभाषभाई ने देखा नहीं। मालिक को बोला, घर पे फोन करके बोला, पुलिसवालों को भी वही लिखवाया। देखा नहीं था, इसीलिए तो दिल साफ़ था।’

खाली एक लूम थांबला, पुन्हा सुरू झाला.

‘ये नहीं बताते तो अच्छा था,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘अब जाइए।’

मी उठलो. बोचकं खाली नेऊन द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते आपल्याकडे ओढून घेतलं.